अंगणातली खुरासणी



घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाकडे जाणारा रस्ता पुढे आहुप्याच्या दिशेने चढू लागला, की आश्विन महिन्यात डोंगरउतारांवर पिवळ्या रंगाचे तुकडे दिसू लागतात. गडांच्या माथ्यावर भाद्रपदात फुलते ती सोनकी. ती रानची, आपली आपण उगवणारी. उतारावरचे हे तुकडे मात्र माणसाने पेरलेले असतात. ती खुरासणी, म्हणजेच आपल्या स्वयंपाकघरातले कारळे. जुन्नर तालुक्यात आपटाळ्याच्या पुढे इंगळूण, घाटघर या बाजूलाही ती दिसते. हलक्या, मुरमाड, भातालाही न चालणाऱ्या जमिनीत फारशी मशागत न मागता वाढणारे हे पीक आहे. पूर्वीइतके त्याचे क्षेत्र आता राहिले नाही. तरीही दसऱ्याच्या सुमारास त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवून काच खाली केली, तर शेताजवळ एक अखंड गुणगुण ऐकू येते. ती मधमाश्यांची.

कारळ्याचा काळा, चकचकीत, निमुळता दाणा आपण सर्वांनी पाहिला आहे, लसूण-मिरचीबरोबर कुटलेली त्याची चटणीही खाल्ली आहे. त्याचे फूल मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. सूर्यफुलाच्याच कुळातले, बहुधा आठ पाकळ्यांचे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे आणि दुरूनही डोळ्यांत भरेल असे पिवळे. हे फूल अंगणात कसे लावावे, याविषयी मला लिहावयाचे आहे. आरोग्याच्या पाक्षिकात एका डॉक्टरने बागकाम का शिकवावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर माझ्या एका रुग्णाच्या हकिगतीत आहे. त्या हकिगतीत माझी एक चूकही आहे, म्हणून तीच आधी सांगते.

गुरुजींचे वय तेव्हा ७४ होते. सारी नोकरी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील शाळांत झालेली. पत्नी वारल्यानंतर मुलाने त्यांना आग्रहाने मंचरच्या पूर्वेकडील आपल्या घरी आणले. घर चांगले, मुलगा-सून मायाळू, चारी बाजूंना ऊस. रक्तदाब व मधुमेह होता, सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता आणि त्यासाठी मेटोप्रोलॉल ही गोळी चालू होती. दर महिन्याला सून त्यांना माझ्याकडे घेऊन येई. तक्रार विचारली की, "काही नाही, बरं आहे," एवढेच उत्तर. सून मागाहून हळूच सांगे, की दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. बोलावले तर जेवतात, नाही तर तेही नाही.

एका आषाढात त्यांनी सुनेकडे पहिल्यांदाच काही मागितले: ओंजळभर खुरासणी. तिला वाटले, चटणी हवी आहे. गुरुजींना ती पेरायची होती. जुन्या गोठ्याच्या बाजूला दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती; ती त्यांनी नातवाकडून खणून घेतली आणि स्वतः बी फोकले. पुढच्या दोन महिन्यांत मला त्यांच्यात पडलेला फरक दिसत होता, पण त्याचे कारण विचारण्याचे भान मला नव्हते. काठी टेकत का होईना, ते दवाखान्याच्या पायऱ्या स्वतः चढू लागले. दाढी केलेली असे. जेवणानंतरची साखर औषध न बदलता थोडी खाली आली होती. मी मनातल्या मनात गोळ्यांना शाबासकी दिली.

मग ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी सून त्यांना घाईघाईने घेऊन आली. आदल्या दिवशी सकाळी मधमाशी चावली होती आणि हात बोटांपासून कोपरापर्यंत सुजला होता. दवाखान्यात गर्दी होती. मी हात पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि मेटोप्रोलॉल, हृदयविकार व वय या तिन्हींची मनात बेरीज करून सुनेला म्हणाले, "ती फुलं आधी उपटून टाका. यांना पुन्हा माशी चावायला नको." तिने त्याच संध्याकाळी ती उपटली. त्या वेळी ती ऐन बहरात होती.

जानेवारीत गुरुजींचे वजन चार किलोने उतरले होते. प्रश्नाला उत्तर म्हणून केवळ मान हलत होती. सून म्हणाली, "मॅडम, त्या दिवसापासून दादा अंगणात आलेच नाहीत. चला म्हटलं तर म्हणतात, तिथं आता काय आहे?"

त्यांना नैराश्य आले होते, आणि त्यासाठी औषध द्यावे लागले, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. फुलांनी नैराश्याचे औषध टळते, असे माझे म्हणणे नाही. घरातील वृद्ध व्यक्तीचे वजन कारणाशिवाय उतरत असेल, झोप बिघडली असेल, बोलणे थांबले असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. म्हातारपणी असेच व्हायचे, असे समजून गप्प बसू नये. तथापि माझी चूक राहतेच. मी तागडीच्या एकाच पारड्यात वजन टाकले. माशीच्या डंखाचा धोका मोजला. दुसऱ्या पारड्यात काय होते, ते विचारले नाही. खरे सांगायचे तर धोकाही मी नीट मोजला नव्हता.

डंखाचे मोजमाप

म्हणून आता तो नीट मोजू. मधमाशी चावली, की त्या जागी आग, लाली व सूज येते; ही सर्वांनाच येणारी प्रतिक्रिया. काही जणांना सूज मोठी येते, संपूर्ण पंजा किंवा हात भरतो, दुसऱ्या दिवशी वाढते आणि आठवडाभर टिकते. दिसायला ती भीतिदायक असते. पण ती डंखाच्या जागेपासून सलग पसरलेली असते आणि बाकीचे शरीर ठीक असते. गुरुजींची सूज या प्रकारातली होती. अशा माणसाला पुढच्या डंखाने जिवावरची प्रतिक्रिया येण्याची शक्यता असते, परंतु ती थोडी असते.

जिवावरची प्रतिक्रिया निराळी दिसते. डंख हातावर असतो आणि गांध्या उठतात पोटावर, पाठीवर. ओठ, जीभ, पापण्या सुजतात. आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते, दम लागतो. उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस घामाघूम होऊन कोसळतो. हे बहुधा काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांत घडते. येथे घरगुती उपायांत एक क्षणही घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकून बसवावे. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावे. काहीही झाले तरी त्याला उठवून चालत नेऊ नये. यावरचे खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळ्या खाजेला उपयोगी पडतात, घसरलेला रक्तदाब त्या वर आणत नाहीत. परदेशात ॲड्रिनलिनची स्वतः टोचून घेण्याची पेनासारखी इंजेक्शने मिळतात; आपल्याकडे ती सहजासहजी मिळत नाहीत. त्यामुळे आपल्या घरापासून सर्वांत जवळ हे इंजेक्शन कोठे ठेवलेले असते, ते आजच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. हा प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. रागावले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गटातील गोळ्या चालू असतील तर ॲड्रिनलिनचा परिणाम काही वेळा कमी पडतो, एवढे खरे. पण म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करणे हा त्याहून मोठा धोका आहे. ज्यांना पूर्वी कधी डंखानंतर अंगभर गांध्या, दम किंवा चक्कर असे झाले असेल, त्यांनी मात्र हा लेख वाचून फुले लावू नयेत. आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे.

साध्या डंखावर काय करावे? मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतून राहते आणि तिच्याबरोबर विषाची पिशवीही. नांगी कशी काढावी याची पूर्वी बरीच चर्चा होई, नखाने खरवडावी की चिमटीने ओढावी. खरी गोष्ट एवढीच, की ती लवकर काढावी. रीत कोणतीही चालेल. हातातली अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी उतरवाव्यात. जागा साबण-पाण्याने धुवावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. चुना, तंबाखू, रॉकेल यांतले काही लावू नये. मधुमेही माणसाच्या कातडीला त्याने जखम होते, आणि मग ती जखम घेऊन आपण माझ्याकडे येता. गांधीलमाशी नांगी सोडत नाही आणि पुन्हा पुन्हा डसू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

आता आग्या माशीविषयी, कारण जुन्नरचा माणूस मधमाशी म्हटले की प्रथम तिचीच आठवण काढतो. शिवनेरी आणि लेण्याद्रीच्या कातळात आग्या मोहोळ लोंबत असते, आणि तेथे माश्या उठल्या व माणसे पळाली, अशा बातम्या आपण वाचतो. ती भीती खरी आहे. पोळ्याला धूर, दगड किंवा धक्का लागला, की आग्या माश्या शेकड्यांनी उठतात. तसे झाल्यास तोंड पदराने किंवा शर्टाने झाकून जवळच्या बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. हात झटकत उभे राहू नये, पाण्यात उडी मारू नये. वृद्ध व्यक्तीला दहा-पंधराहून अधिक डंख झाले असतील, तर ती बरी दिसत असली तरी रुग्णालयात न्यावे, कारण पुष्कळ डंखांचे विष काही तासांनी मूत्रपिंडावर परिणाम करू शकते.

पण फुलावर बसलेली माशी आणि पोळ्यावरची माशी यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पोळ्यावरची माशी घर राखत असते. फुलावरची माशी कामावर आलेली असते. तिला आपल्याशी कर्तव्य नसते. हाताखाली चिरडली, केसांत अडकली किंवा पायाखाली आली तरच ती सहसा डसते. अंगणात फुले आली म्हणून तेथेच पोळे होईल, असेही नाही. झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी, झुडपाच्या फांदीला छोटेसे पोळे लावणारी फुलोरी आणि दूरच्या कड्यावरून येणारी आग्या, या तिघी एकाच फुलावर शेजारी शेजारी शांतपणे बसलेल्या मी पाहिल्या आहेत. घराच्या भिंतीत खरोखरच पोळे झाले, तर ते स्वतः धूर करून काढू नये. जाणत्या मधपाळाला बोलवावे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि तेथे शिकलेले मधपाळ अनेक तालुक्यांत आहेत.

गुरुजींना नेमकी कशी चावली होती, ते मी जानेवारीत विचारले. चष्मा घरात विसरला होता आणि वाळके फूल समजून त्यांनी माशीसकट फूल चिमटीत धरले होते. म्हणजे उपाय चष्म्याचा होता, आणि मी फुले उपटायला लावली.

बी, जागा आणि वेळ

पुढच्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी मिळून, म्हणजे गुरुजी, सून आणि मी, नव्याने आखणी केली. बियांचे ज्ञान सारे गुरुजींचे. खुर्ची कोठे ठेवायची, एवढे माझे.

कारळे एका हंगामाचे रोप आहे. पावसाळ्यात पेरावे, दसरा-दिवाळीत फुलावे, मार्गशीर्षापर्यंत वाळून जावे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरले तरी चालते. वाण्याकडचे न भाजलेले कारळे बी म्हणून चालतात. पण आधी परीक्षा घ्यावी: वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार दिवस ठेवावेत. पंधरा-सोळा रुजले तर बी उत्तम. पाच-सहाच रुजले तर दुसऱ्या दुकानात जावे. ही परीक्षा खाटेवर बसून करता येते आणि रोज फडके उघडून मोजण्याचे काम अंथरुणाला खिळलेली व्यक्तीही आनंदाने करते. एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. हे पीक मूळचे इथिओपियातले. शास्त्रीय नावातही त्या देशाचे जुने नाव आहे. अमेरिकेत ते पक्ष्यांचे खाद्य म्हणून विकले जाते आणि भारतातून व इथिओपियातून गेलेले बी तेथे उष्णता देऊन निर्जीव केलेलेच घ्यावे लागते, कारण त्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असू शकते. आपली मुले तेथे असतील आणि त्यांनाही लावावेसे वाटले, तर पक्ष्यांच्या पिशवीतले बी रुजणार नाही, हे त्यांना कळवावे. आपल्या वाफ्यातही पिवळसर, बिनपानांचे दोऱ्यासारखे वेल रोपांना वेढताना दिसले, तर ती अमरवेल. रोपासकट उपटून टाकावी.

जमीन हलकी, निचऱ्याची असावी. शेणखत मूठभर पुरे; जास्त घातले तर रोप पानांनी माजते आणि वाऱ्यात आडवे होते. बी बारीक असल्याने दुप्पट-तिप्पट कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडावे, वर बोटाच्या एका पेराहून कमी माती टाकावी. रोपे चार बोटे झाली, की दाट असलेली उपटून दोन रोपांत वीतभराहून थोडे कमी अंतर ठेवावे. रोप कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत वाढते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पहिले फूल येते आणि मग एकामागून एक फुले उमलत तीन-चार आठवडे बहर टिकतो.

एक रोप कुंडीत लावून भागणार नाही. कारळ्याच्या फुलाला स्वतःच्या परागाने दाणा धरत नाही. दुसऱ्या रोपाचा पराग लागतो, आणि तो मुख्यतः मधमाशीच आणते. शिवाय मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून तिलाही ताटवा लागतो. वीस-पंचवीस रोपे तरी एकत्र असावीत. त्याला दोन हात लांब, दोन हात रुंद वाफा पुरतो. जमीन नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या किंवा पत्र्याचे जुने डबे तळाला भोके पाडून, प्रत्येकी चार-पाच रोपे लावून, एकमेकांना खेटून ठेवावेत.

कारळेच का, झेंडू का नाही, असे पुष्कळजण विचारतात. आमच्याकडे दसऱ्यासाठी झेंडूचे मळेच्या मळे असतात. हरकत नाही, पण गच्च भरलेल्या टपोऱ्या झेंडूत मधमाशीला फारसे काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांचा गावठी झेंडू बरा. तुळशीच्या मंजिऱ्या, फुलावर सोडलेली कोथिंबीर, तीळ, सूर्यफूल हेही तिला आवडते. लालभडक फुले मात्र तिच्यासाठी लावू नयेत. मधमाशीला रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, ज्यांना पुढे १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले; तिला पिवळा, निळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो, तांबडा दिसत नाही.

फुलावर असताना कोणतेही कीटकनाशक फवारू नये. कडुलिंबाचा अर्कसुद्धा नको. शेजारच्या टोमॅटोवर फवारणी होणार असेल, तर ती सूर्यास्तानंतर करावी अशी विनंती करावी. ती मधमाश्यांसाठी जेवढी, तेवढीच आपल्या दमेकरी आजोबांसाठीही आहे.

खुर्ची कोठे ठेवावी

आता माझा भाग. वाफा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा असावा. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीसाठी तर ही पहिली अट. ती अंगणात आहे हे सुनेला कांदा चिरता चिरता दिसले पाहिजे. दारापासून वाफ्यापर्यंतची वाट पावसात शेवाळणार नाही, अशी खडी किंवा फरशी टाकलेली हवी. पाण्याची नळी वाटेत वेटोळी पडलेली नको. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड तिच्यात अडकून मोडलेले मी अनेकदा पाहिले आहे. दोन लिटरची झारी पुरते, आणि ती भरून नेणे हा हातांचा चांगला व्यायाम आहे. उकिडवे बसून निंदणे गुडघ्यांना झेपत नसेल, तर हात टेकता येतील अशा खुर्चीवर बसून लांब दांड्याच्या खुरप्याने काम करावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून एकदम उठू नये. आधी ताठ बसावे, मनात वीस अंक मोजावेत, मग उभे राहावे. मधुमेहींनी अनवाणी जाऊ नये. पायांत बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, डोळ्यांवर चष्मा, आणि धनुर्वाताची लस घेतलेली. वाफ्याभोवती गवत वाढू देऊ नये. पावसाळ्यात त्यात काय दडते, ते आपल्याला सांगायला नको.

वेळेचा प्रश्न आमच्याकडे विशेष आहे. उसाच्या पट्ट्यात पहाटे आणि दिवेलागणीला बिबट्या फिरतो, म्हणून वृद्धांना त्या वेळी घराबाहेर पाठवू नये. आम्ही वेळ ठरवली ती अशी: साडेआठला पाणी आणि निंदणी, साडेनऊपर्यंत ती आटोपायची. ऊन चढू लागले, की माश्या येतात. तेव्हा वाफ्यापासून सहा-सात फुटांवर खुर्ची ठेवून नुसते बसायचे. त्या वेळी फुलांना हात लावायचा नाही, वाळकी फुले खुडायची ती दुसऱ्या दिवशी माश्या येण्याआधी. ऊन फार वाटले, तर घरात.

गुरुजींनी खुर्चीवर बसून वही काढली. सातेरी किती, फुलोरी किती, आग्या किती, ऊन कसे, वारा किती. शिक्षकाच्या वळणदार अक्षरात रोजची नोंद. सुनेने तिच्या शेवटच्या पानावर माझा दूरध्वनी क्रमांक, १०८ आणि धोक्याची लक्षणे लिहून ठेवली होती. त्या हंगामात त्यांना एकही माशी चावली नाही. सुनेला एक चावली, ती वाफ्यावर नव्हे, वाळत घातलेल्या साडीच्या घडीत. तिने नांगी काढली, बर्फ लावला आणि मला फोनसुद्धा केला नाही.

मध हा विषय येथे ओघाने येतो, तो थोडक्यात उरकते. अंगणात फुले लावल्याने मध मिळत नाही; तो पोळ्यात असतो. मधुमेही व्यक्तीला मध ही साखरच आहे, "नैसर्गिक" म्हणून ती रक्तात कमी चढत नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. क्वचित त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होते. नातवंडाच्या बाबतीत आजीचा हट्ट येथे चालू देऊ नये.

बोंडे तपकिरी पडून वाळली, की दाणे झडण्याआधी सकाळच्या दवात रोपे कापून घ्यावीत, चादरीवर चार दिवस वाळवावीत आणि काठीने हलकेच बडवावीत. सुपात पाखडण्याचे काम घरातील आजीला द्यावे; ते तिला आपल्यापेक्षा चांगले येते. एवढ्याशा वाफ्यातून वाटी-दीड वाटी दाणे निघाले तरी पुष्कळ झाले. त्यातले मूठभर, चांगले वाळलेले, कागदाच्या पुडीत तारीख घालून पुढच्या पेरणीसाठी ठेवावेत.

गुरुजी आता ७८ वर्षांचे आहेत. नैराश्याची गोळी कमी करत करत बंद झाली. मेटोप्रोलॉल चालू आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना वाकणे जमेना, तेव्हा ओळी नातवाने पाडल्या, आणि त्या सरळ आल्या नाहीत म्हणून त्याला दोनदा मोडायला लावल्या. पौषात सून त्यांना तपासणीसाठी घेऊन आली, तेव्हा तिच्या पिशवीत कारळ्याच्या चटणीची बाटली होती. गुरुजींना दात नाहीत म्हणून पिठासारखी बारीक कुटलेली. मी चव पाहिली. मीठ अगदीच कमी होते.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "तुम्हीच बंद केलंय ना?"